गर्भाशयमुखाचा पुढच्या टप्प्यातील कर्करोग : नव्या एकत्रित उपचारांच्या चाचणीत सहभागी व्हावे का?

करवीरकर (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्या थोरल्या वहिनींना गर्भाशयमुखाचा कर्करोग असल्याचे नुकतेच निदान झाले. वय ५२, गाव राधानगरी तालुक्यात. पाळी थांबून काही वर्षे झाल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागले, तेव्हा 'उष्णता झाली असेल' असे म्हणून त्यांनी आणि घरच्या सर्वांनीच बराच काळ दुर्लक्ष केले. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा असल्याचे कळले. एमआरआयमध्ये गाठ ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोहोचलेली दिसते आणि उजव्या मूत्रपिंडाला सूज आहे, म्हणून अहवालावर स्टेज थ्री-बी लिहिले आहे.

कोल्हापुरातील डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, केमो आणि रेडिएशन एकत्र द्यावे लागेल, असे स्पष्ट सांगितले आणि ते महात्मा जोतिराव फुले योजनेतून होईल असेही सांगितले. दादा दुसरे मत घ्यायला मुंबईला गेला होता. तिथे त्याला असे सांगण्यात आले की नेहमीच्या उपचारांबरोबर इम्युनोथेरपीचे इंजेक्शन देऊन पाहण्याची एक चाचणी सुरू आहे आणि तपासण्या नियमात बसल्या तर वहिनींना तीत घेता येईल. मात्र कोणाला खरे औषध मिळणार हे संगणक ठरवतो आणि काही जणींना औषधाऐवजी नुसते सलाइन मिळते.

या एका वाक्यावरून घरात दोन तट पडले आहेत. दादाला वाटते की नवे औषध फुकट मिळत असेल तर संधी सोडू नये. वहिनींच्या माहेरच्यांचे म्हणणे असे की आमच्या मुलीवर प्रयोग नकोत. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे, त्यामुळे मला दोन्हींपैकी कोणालाच नीट उत्तर देता येत नाही. अशा एकत्रित उपचारांतून आजवर खरोखर काय हाती आले आहे, आणि निर्णय घेताना नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

किरणोपचार

करवीरकर, मी रेडिएशन विभागातून निवृत्त झालो आहे. वहिनींचे अहवाल पाहिलेले नसल्यामुळे जे लिहितो ते सर्वसाधारण आहे, त्यांच्यासाठी सल्ला नव्हे, एवढे आधी सांगतो.

नव्या औषधाकडे वळण्यापूर्वी पाया काय आहे तो समजून घ्या, कारण या आजारात चाचणीचा निकाल बहुतेक वेळा पायावरच ठरलेला आहे. १९९९ मध्ये पाच चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र आले आणि रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध देणे ही जगभराची रीत झाली. पण त्या चाचण्यांत आपल्याकडे येतात तशा थ्री-बीच्या रुग्ण तुलनेने कमी होत्या, म्हणून शंका उरली होती. ती टाटा मेमोरियलने स्वतः चाचणी करून सोडवली. थ्री-बीच्या ८५० स्त्रियांपैकी निम्म्यांना फक्त रेडिएशन आणि निम्म्यांना रेडिएशनबरोबर दर आठवड्याला सिस्प्लॅटिन देण्यात आले. पाच वर्षांनी पहिल्या गटात ४६ टक्के आणि दुसऱ्या गटात ५४ टक्के स्त्रिया हयात होत्या. हा निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्या वहिनींना कोल्हापुरात जो उपचार सांगितला आहे तो हाच, आणि तो आपल्याच बायकांवर तावूनसुलाखून निघालेला आहे. 'साधा' म्हणून त्याला कमी लेखू नये.

हा उपचार पूर्ण आणि वेळेत होणे मात्र अत्यावश्यक आहे. बाहेरून द्यायचे रेडिएशन सुमारे पाच आठवडे चालते, त्यासोबत आठवड्यातून एकदा केमो, आणि शेवटी ब्रॅकीथेरपी, म्हणजे गर्भाशयमुखाशी नळी बसवून आतून दिलेले रेडिएशन. हे सगळे आठ आठवड्यांच्या आत संपले पाहिजे. बाहेरचे रेडिएशन संपले की रक्तस्राव थांबलेला असतो, रुग्णाला बरे वाटू लागते, ऊसतोड किंवा घरातले लग्न आडवे येते आणि ब्रॅकीथेरपी राहून जाते. माझ्या नोकरीत मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की नवे औषध मिळाले की नाही यापेक्षा मला ब्रॅकीथेरपीच्या तारखेची काळजी जास्त वाटते. ती टाळली तर इतर कोणतेही औषध ती उणीव भरून काढत नाही.

नोंदवही

किरणोपचार सरांशी सहमत. मी काही वर्षे औषध चाचण्यांची समन्वयक म्हणून काम केले आहे, त्यामुळे 'सलाइन' या शब्दापासून सुरुवात करते. घरात फूट त्याच्यामुळेच पडली आहे.

दादांनी सांगितलेल्या प्रकारच्या चाचणीत दोन्ही गटांना केमो आणि रेडिएशन पूर्णच मिळते. त्याच्या जोडीला एका गटाला नवे औषध आणि दुसऱ्या गटाला औषधासारखे दिसणारे सलाइन दिले जाते. म्हणजे ज्या स्त्रीच्या वाट्याला सलाइन येते तिला कोल्हापुरात जो उपचार मिळाला असता तोच मिळतो, त्याहून कमी नाही. माहेरच्या मंडळींची समजूत बहुधा अशी झाली असावी की निम्म्या बायकांना काहीच औषध देत नाहीत. तसे नसते. सहभागापूर्वी जे माहितीपत्रक देतात त्यात दोन्ही गटांना काय मिळणार ते लिहिलेले असते. ते मराठीत मागून घ्या आणि तो भाग मोठ्याने वाचून दाखवा.

आता निकालांकडे. इम्युनोथेरपीमागची कल्पना अशी की हा कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होतो, म्हणून गाठीच्या पेशींत शरीराला परकी वाटणारी प्रथिने असतातच, पण गाठ आपल्या प्रतिकारशक्तीला ब्रेक लावून ठेवते. पेम्ब्रोलिझुमॅबसारखे औषध तो ब्रेक काढते. रेडिएशनमुळे मेलेल्या पेशींतली प्रथिने उघडी पडतात, म्हणून दोन्ही एकत्र दिल्यास फायदा व्हावा असा तर्क.

त्याच तर्कावर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. कॅला या चाचणीत ७७० स्त्रियांना केमोरेडिएशनबरोबर डुर्व्हालुमॅब किंवा सलाइन दिले. ठोस फायदा दिसला नाही. कीनोट-ए१८ मध्ये १०६० स्त्रियांना पेम्ब्रोलिझुमॅब किंवा सलाइन दिले. तीन वर्षांनी औषधाच्या गटात ८२.६ टक्के आणि सलाइनच्या गटात ७४.८ टक्के हयात होत्या. त्याआधीच, या चाचणीत आजार वाढण्याला आळा बसल्याच्या पहिल्या निष्कर्षावरून, अमेरिकेच्या औषध नियामकाने जानेवारी २०२४ मध्ये तिसऱ्या टप्प्यापासून चौथ्या-अ टप्प्यापर्यंतच्या रुग्णांसाठी त्याला मान्यता दिली. एकाच जातीची दोन औषधे, जोडही तीच, आणि निकाल वेगळे. दुसऱ्या चाचणीत अधिक जोखमीच्या रुग्णांची निवड झाली होती, औषधे ब्रेकच्या वेगवेगळ्या टोकांवर काम करतात, अशी कारणे तज्ज्ञ देतात. म्हणून 'इम्युनोथेरपी आहे' एवढे ऐकून होकार देऊ नये. औषधाचे नाव, आणि त्या जोडीची याआधी आजाराच्या कोणत्या टप्प्यात कसोटी झाली आहे, हे विचारावे.

राजारामपुरी_चौक

माफ करा, पण सगळे इतके सरळ नाही. माझा आक्षेप एका औषधावर नाही, चाचण्यांच्या एकूण व्यवहारावर आहे, आणि तो ऐकीव नाही. आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट. एका भागात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगर लावून तपासणी, आणि चौथ्या भागात फक्त आरोग्यशिक्षण. २००९ मध्ये निकाल आला. एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, आणि तपासणी न झालेल्या गटात ६४. जगाला उत्तम पुरावा मिळाला, मान्य. पण चौथ्या भागातील त्या बायका कोणाच्या होत्या? तपासणीचा उपयोग होतो हे श्रीमंत देशांत तोवर माहीत असताना, आपल्याकडे एका गटाला ती न देता मृत्यू मोजणे योग्य होते का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. पुढे एचपीव्ही लसीच्या प्रकल्पात खम्मम आणि वडोदरा येथे संमतीपत्रांवरून काय झाले, ते संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालात आहे. तेव्हा माहेरच्या लोकांना अडाणी समजू नका. त्यांच्या भीतीला इतिहास आहे.

नोंदवही

राजारामपुरी_चौक, तुमचा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो रास्त आहे. त्या काळी आपल्या सरकारी यंत्रणेत अशी तपासणी कोणालाच मिळत नव्हती, म्हणून 'जे चालू आहे ते' हाच तुलनेचा गट, असा बचाव केला गेला. मला तो पुरता पटत नाही.

आणि तोच प्रश्न आज केमोरेडिएशनच्या चाचण्यांत वेगळ्या वेशात उभा आहे. कीनोट-ए१८ चा निकाल लागल्यावर श्रीमंत देशांत तिसऱ्या टप्प्याच्या रुग्णाला पेम्ब्रोलिझुमॅब जोडून देणे ही रीत होत आहे. मग यापुढे नव्या औषधाची तुलना नुसत्या केमोरेडिएशनशी करायची की त्या जोडीशी? आपल्याकडे ते औषध बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून येथील 'नेहमीचा उपचार' अजून नुसते केमोरेडिएशनच आहे. येथे तुलनेचा गट कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असेल, तरी पैसेवाल्या रुग्णाला तोच उपचार अपुरा वाटेल. करवीरकर, हा प्रश्न चाचणीच्या डॉक्टरांना सरळ विचारा : तुलनेच्या गटाला जे मिळणार आहे, त्याहून चांगले काही आज उपलब्ध आहे का, आणि असेल तर ते का दिले जात नाही? चांगला संशोधक याचे उत्तर न चिडता देतो.

नियम मात्र तेव्हापेक्षा पुष्कळ बदलले आहेत. १५ जून २००९ पासून प्रत्येक औषध चाचणीची भारताच्या चाचणी नोंदणीत आगाऊ नोंद करावी लागते. ती नोंदणी कोणालाही पाहता येते आणि तीत तुलनेचा गट, अपेक्षित रुग्णसंख्या, रुग्णालये सगळे लिहिलेले असते. २०१९ च्या नव्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर औषधोपचार मोफत करावे लागतात आणि भरपाईची तरतूद आहे. संमती कधीही मागे घेता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

संमतीचा प्रसंग प्रत्यक्षात कसा असतो तेही लिहिते. माहितीपत्रक पंधरा-वीस पानांचे असते, प्रत्येक पानाखाली आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख. वाचता न येणाऱ्या बाईसाठी एक साक्षीदार हवा आणि तो चाचणीच्या चमूतला नसावा. नवीन रेणूच्या चाचणीत असुरक्षित गटातील व्यक्ती असेल तर सगळे संभाषण दृकश्राव्य नोंदवून ठेवावे लागते. मी पाहिलेल्या एका संमतीत कॅमेरा सुरू झाल्यावर नवऱ्यानेच सगळी उत्तरे द्यायला सुरुवात केली. डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवले आणि त्या मावशींना विचारले, 'तुम्हाला काय कळले ते तुमच्या शब्दांत सांगा.' त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, 'दोन बाटल्यांतली एक खरी, हे तुम्हालाबी ठाव नाही आन मलाबी.' मग पदर सावरून त्यांनी अंगठा उठवला. तुमच्या वहिनींनाही हा प्रश्न एकटीला विचारला जावा, असा आग्रह धरा. घरात दोन तट आहेत, पण त्या दोन्हींत वहिनींचे स्वतःचे म्हणणे तुमच्या लेखनात मला दिसले नाही.

वारणाकाठ

मी औषधांच्या घाऊक व्यवसायात आहे, म्हणून खर्चाच्या बाजूने लिहितो. पेम्ब्रोलिझुमॅबवरील मूळ सीमाशुल्क केंद्र सरकारने एप्रिल २०२३ पासून पूर्ण माफ केले, तरी त्याचा खर्च लाखांतच मोजावा लागतो. कीनोट-ए१८ मध्ये केमोरेडिएशनबरोबर दर तीन आठवड्यांनी पाच मात्रा आणि नंतर दर सहा आठवड्यांनी पंधरा मात्रा, म्हणजे सुमारे दोन वर्षे औषध दिले गेले. पदरचे पैसे घालून हे करायचे तर रान विकावे लागेल, आणि ते विकूनही निम्म्यात औषध बंद पडले तर कोणाच्याच हाती काही लागणार नाही.

म्हणून मला दुसरी एक जोड अधिक मोलाची वाटते. इंटरलेस नावाच्या चाचणीत केमोरेडिएशनच्या आधी सहा आठवडे, दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन दिले आणि सातव्या आठवड्यात रेडिएशन सुरू केले. ब्रिटन, मेक्सिको, इटली, ब्राझील आणि भारत या पाच देशांत मिळून ५०० स्त्रिया होत्या. पाच वर्षांनी ८० टक्के विरुद्ध ७२ टक्के हयात. दोन्ही औषधे जुनी, पेटंटमुक्त आणि आपल्या शहरातल्या कोणत्याही मोठ्या औषध दुकानात मिळणारी. यासाठी चाचणीत जायचीही गरज नाही. वहिनींच्या डॉक्टरांना याबद्दल का विचारू नये?

किरणोपचार

वारणाकाठ, विचारावे जरूर, पण तीन गोष्टी लक्षात ठेवून.

पहिली, इंटरलेसमधील बहुतेक स्त्रिया दुसऱ्या टप्प्यातील होत्या, थ्री-बीच्या कमी. दुसरी, 'आधी केमो' हे सूत्र सरसकट लागू पडत नाही. टाटा मेमोरियलच्याच दुसऱ्या एका चाचणीत ६३५ स्त्रियांपैकी एका गटाला आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया, तर दुसऱ्याला थेट केमोरेडिएशन दिले. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ६९.३ टक्के आणि दुसऱ्यात ७६.७ टक्के निघाले, म्हणजे केमोरेडिएशनच वरचढ. आणि केमो नंतर जोडावा म्हटले तर आउटबॅक चाचणीत ९१९ स्त्रियांवर ते करून पाहिले; पाच वर्षांनी ७२ आणि ७१ टक्के, म्हणजे फरक नाही, त्रास मात्र वाढला. तीच दोन औषधे रेडिएशनच्या आधी लागू पडली आणि नंतर पडली नाहीत. जोड कशाची, याइतकेच ती कुठे लावली याला महत्त्व आहे.

तिसरी गोष्ट आपल्या भागासाठी सर्वांत मोलाची. इंटरलेसमध्ये केमो संपताच पुढच्या आठवड्यात रेडिएशन सुरू झाले. आपल्याकडे यंत्रावर रांग असते. केमो संपल्यावर तारीख मिळायला महिना गेला, तर मधल्या काळात गाठ पुन्हा वाढते आणि शिल्लक राहते ती अधिक चिवट असते. रेडिएशनची तारीख कागदावर मिळाल्याखेरीज आधीचा केमो सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय त्या चाचणीत गंभीर त्रास झालेल्यांचे प्रमाण ४८ वरून ५९ टक्क्यांवर गेले. रक्तातली हिमोग्लोबिनची पातळी आधीच खाली असलेल्या बाईला तो भार सोसावा लागतो.

आणि करवीरकर, या सर्वांच्या आधी मूत्रपिंड. वहिनींच्या उजव्या बाजूला सूज आहे, म्हणजे गाठीने मूत्रवाहिनी दाबली आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम बिघडले की रक्तात वाढणारा घटक) किती आहे? सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर ताण देते, म्हणून प्रत्येक मात्रेच्या आधी रक्त तपासतात, तासन्तास सलाइन आणि मॅग्नेशियम देतात, लघवी किती झाली ते मोजतात. क्रिएटिनिन वाढलेले असेल तर आधी मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, घालावा लागतो किंवा पाठीतून नळी घालून वाट मोकळी करावी लागते. हे न करता मुंबईला गेलात तर चाचणीच्या तपासणीतच त्या बाद होण्याचा संभव आहे.

गडहिंग्लजची_सून

मी स्वतः रुग्ण आहे, म्हणून लिहू की नको असा विचार करत होते. माझा आजार रेडिएशननंतर काही वर्षांनी उलटला आणि फुफ्फुसांत गेला. त्या टप्प्यावरच्या जोडांविषयी येथे कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहिते.

मला पॅक्लिटॅक्सेल, कार्बोप्लॅटिन आणि बेव्हॅसिझुमॅब असे तीन औषधांचे उपचार झाले. तिसरे औषध गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या वाढू देत नाही. डॉक्टरांनी मला आधीच सांगितले होते की ज्या चाचणीवरून हे देतात, त्या जीओजी-२४० मध्ये सरासरी आयुष्य १३.३ महिन्यांवरून १७ महिन्यांवर गेले. पण हे औषध मिळालेल्यांपैकी १५ टक्के स्त्रियांना फिस्ट्युला झाला, म्हणजे मूत्राशय किंवा आतडे आणि योनीमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडले, आणि त्या सगळ्या जणींना आधी रेडिएशन झालेले होते. मलाही झालेले होते. मी विचार करायला एक आठवडा मागून घेतला, तो त्यांनी दिला, आणि मग मी होकार दिला. अशा गोष्टी आधी कळल्या तर माणूस पुढच्या त्रासाला तयार असतो. पॅक्लिटॅक्सेलने तळपाय बधिर होतात. भाकरी थापताना तव्याची धग बोटांना कळत नाही, म्हणून जाऊबाई आता मला चुलीपाशी बसू देत नाहीत.

मला कोणी 'प्रयोगाचा उंदीर' म्हटले तर राग येतो. मला जे औषध मिळाले ते माझ्याआधीच्या ४५२ बायकांनी त्या चाचणीत भाग घेतला म्हणून मिळाले. पण त्याच वेळी, कोणी कोणाला चाचणीत ढकलू नये, हेही तितकेच खरे.

करवीरकर

ताई, तुम्ही लिहिलेत म्हणून फार बरे वाटले. प्रकृतीस जपा.

नोंदवही, तुमचे शेवटचे वाक्य लागले. मी काल वहिनींशी बोललो. त्यांचा पहिला प्रश्न औषधाचा नव्हताच. 'मुंबईत राहायचे कुठे आणि म्हशींचे कोण बघणार?' असे त्यांनी विचारले. दुसरा प्रश्न : 'तिकडचे औषध लागू पडले नाही तर इकडचे डॉक्टर पुन्हा हात लावतील का?' क्रिएटिनिन २.१ आहे. स्टेंटसाठी उद्या दाखल करतो आहोत.

आणखी एक विचारायचे होते. इंटरनेटवर एका चाचणीत १७ महिने, दुसरीत २६ महिने, तिसरीत ३२ महिने असे आकडे दिसतात. म्हणजे तिसरी जोड सर्वांत चांगली, असे धरावे का?

नोंदवही

नाही. हा सापळा आहे आणि त्यात शिकलेली माणसेही अडकतात. तुम्ही पाहिलेले आकडे आजार उलटलेल्या किंवा पसरलेल्या रुग्णांचे आहेत, वहिनींच्या टप्प्याचे नाहीत, हे पहिले. कीनोट-८२६ मध्ये केमोला पेम्ब्रोलिझुमॅबची जोड दिली, बेव्हॅसिझुमॅब काहींना दिले, काहींना नाही; तिथे २६.४ विरुद्ध १६.८ महिने. बीटसीसी मध्ये केमो आणि बेव्हॅसिझुमॅब यांना अटेझोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची जोड दिली, तिथे ३२.१ विरुद्ध २२.८. आता फक्त केमो आणि बेव्हॅसिझुमॅब मिळालेल्या गटांकडे पाहा. जीओजी-२४० मध्ये त्याच उपचारावर १७ महिने आणि बीटसीसी मध्ये २२.८. औषधे त्याच धर्तीची, तरी जवळपास सहा महिन्यांचा फरक, कारण रुग्ण वेगळे निवडलेले, काळ वेगळा, नंतर मिळालेले उपचार वेगळे. म्हणून एका चाचणीतला आकडा उचलून दुसरीतल्या आकड्याशेजारी ठेवू नये. फरक पाहायचा तो एकाच चाचणीतील दोन गटांमधला.

वहिनींचा दुसरा प्रश्न उत्तम आहे. चाचणीतून बाहेर पडल्यावर किंवा ती संपल्यावर देखरेख कोण करणार, आणि औषध लागू पडत असेल तर ते पुढे मिळत राहणार का, हे लेखी विचारा. इम्युनोथेरपीचे दुष्परिणाम उशिरा आणि अनपेक्षित ठिकाणी दिसतात. थायरॉइड मंदावतो, आतड्याला किंवा फुफ्फुसाला सूज येते. राधानगरीत रात्री जुलाब सुरू झाले तर गावातला डॉक्टर साध्या जुलाबाचे औषध देईल. म्हणून चाचणीचे ओळखपत्र आणि चोवीस तास लागणारा फोन क्रमांक घेऊन ठेवा, आणि कोल्हापुरातील डॉक्टरांना सहभागाची कल्पना द्या. राहण्याचे म्हणाल तर दादरला संत गाडगे महाराजांची धर्मशाळा कर्करुग्णांसाठी आहे, मात्र तिथे जागेसाठी रुग्णालयाच्या चिठ्ठीची चौकशी आधी करा. प्रवासखर्चाची भरपाई माहितीपत्रकात लिहिलेली असते.

राजारामपुरी_चौक

एक शेवटचा मुद्दा. चाचण्या कोण काढतो यावर काय तपासले जाते ते ठरते. कंपनी महाग औषधच तपासणार. कमी मात्रेत काम भागते का, जुने स्वस्त औषध चालते का, हे तिला कशाला हवे?

किरणोपचार

म्हणूनच सरकारी पैशावर चालणाऱ्या चाचण्यांचे मोल जास्त. टाटा मेमोरियलने डोके-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅब अवघ्या २० मिलिग्रॅमच्या मात्रेत, तोंडी घेण्याच्या तीन स्वस्त औषधांच्या जोडीला देऊन पाहिले. १५१ रुग्णांच्या त्या चाचणीत एका वर्षाने हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. तो आजार वेगळा, त्यामुळे गर्भाशयमुखाला तो निकाल तसाच चिकटवता येत नाही, पण प्रश्न विचारण्याची दिशा तीच हवी. गर्भाशयमुखातही एचआयव्हीवरचे नेलफिनाव्हिर हे जुने औषध केमोरेडिएशनबरोबर देऊन पाहण्याची 'फेज थ्री', म्हणजे मोठ्या गटावर नेहमीच्या उपचाराशी तुलना करणारी, चाचणी टाटाने हाती घेतली होती. तेव्हा दादांना विचारायला सांगा की मुंबईची ही चाचणी कंपनीची आहे की संस्थेची. कंपनीची असली तर वाईट असे नाही, पण औषध कोण पुरवते, इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, हे त्यावरून कळते.

करवीरकर

स्टेंट बसला. क्रिएटिनिन उतरत आहे, कालचा अहवाल १.३. वहिनींनी स्वतः ठरवले आहे की मुंबईला एकदा जाऊन माहितीपत्रक ऐकायचे, पण तिथेच थांबून राहायचे नाही. कोल्हापुरातील डॉक्टरांनी रेडिएशनच्या आखणीचे सीटी स्कॅन पुढच्या आठवड्यात ठेवले आहे. ते रद्द करावे का, एवढेच सांगा. महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटे मंगळवारची आहेत.

नोंदवही

रद्द करू नका. बहुतेक अशा चाचण्यांत रेडिएशन सुरू झालेल्या रुग्णाला घेत नाहीत, म्हणून पहिले किरण पडण्यापूर्वी निर्णय व्हायला हवा. पण आखणीचे स्कॅन झाले म्हणजे रेडिएशन सुरू झाले असे नव्हे. बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड सोबत न्या, नुसता अहवाल चालत नाही. चाचणीच्या चमूकडून हो की नाही ते कोणत्या तारखेपर्यंत कळेल हे विचारा, आणि ती तारीख कोल्हापूरच्या रेडिएशनच्या तारखेपुढे जात असेल तर चाचणी सोडून द्या.

किरणोपचार

आणि कुठेही उपचार घेतलेत तरी ब्रॅकीथेरपीची तारीख पहिल्याच दिवशी फाइलवर लिहून घ्या.